मुखकर्करोगाचे शीघ्र निदान : भारतातील चिकित्सालयीन संशोधन आणि त्याचा अन्वयार्थ

प्रस्तावना :

मुखारोग्य म्हटले की आपल्यासमोर प्रथम येतात ते दात : किडलेले, हलणारे, ठणकणारे. दंतवैद्यकाकडे जाण्याचे बहुतेकांचे कारणही दातदुखी हेच असते. भारतीय संदर्भात मात्र मुखारोग्याचा सर्वांत गंभीर प्रश्न दातांचा नसून दातांभोवतीच्या मऊ अस्तराचा, म्हणजे श्लेष्मल त्वचेचा आहे. ग्लोबोकॅनच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार रुग्ण दगावले. भारतीय पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत हा प्रथम क्रमांकाचा कर्करोग होय.

या रोगासंबंधी जगाने ज्यांची दखल घेतली अशा काही महत्त्वाच्या चिकित्सालयीन चाचण्या भारतातच झालेल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी मुख्यतः दोन चाचण्यांचा परिचय करून द्यावयाचा आहे. पहिली केरळमधील तपासणीची आणि दुसरी मुंबईतील शस्त्रक्रियेची. केवळ निष्कर्ष सांगणे हा येथे हेतू नाही. निष्कर्ष कसे वाचावेत, त्यांतील कोणता भाग भक्कम आहे व कोणता तितकासा नाही, हे पाहणे संशोधनपद्धती शिकविणाऱ्या कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकाला उपयुक्त ठरेल असे वाटते.

पूर्वपीठिका :

मुखकर्करोग बहुधा निरोगी त्वचेवर एकाएकी उद्भवत नाही. त्याआधी कित्येक वर्षे तोंडात काही खुणा दिसत असतात. पांढरा, खरवडून न निघणारा चट्टा (ल्युकोप्लाकिया), मखमली लाल चट्टा (एरिथ्रोप्लाकिया) आणि त्वचेखाली तंतू साठून तोंड उघडेनासे होणे (सबम्युकस फायब्रोसिस) या त्यांपैकी प्रमुख होत. यांना पूर्वकर्करोग अवस्था म्हणतात. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतोच असे नाही, किंबहुना बहुतेकांचा होत नाही. परंतु ज्याला पुढे कर्करोग होतो त्याच्या तोंडात ही सूचना अनेकदा आधीच लिहिलेली असते, आणि ती वाचण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. पोटातील वा फुप्फुसातील कर्करोगाला ही सोय नाही.

या खुणांच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सबम्युकस फायब्रोसिसचे वर्णन १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांच्या संदर्भात प्रसिद्ध झाले. लगेच १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशालगतच्या भागातील या विकाराला आज रूढ असलेले नाव दिले. पुढे डॉ. फली मेहता व डॅनिश संशोधक पिंडबोर्ग यांच्या गटाने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून ग्रामीण भारतात मोठी सर्वेक्षणे केली. त्यांपैकी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या खेड्यांतील मिश्री (काही भागांत मशेरी), तंबाखू-चुना, पान-सुपारी या सवयी आणि तोंडातील चट्टे यांचा संबंध अशा कामांतून आकड्यांनिशी पुढे आला. याच परंपरेतील ३६ हजार तंबाखूसेवकांवरील प्रबोधनाचा अभ्यास १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. समजावून सांगितल्यास काही लोक तंबाखू सोडतात वा कमी करतात आणि नवे पांढरे चट्टे उद्भवण्याचे प्रमाणही घटते, असे त्यातून दिसले.

तंबाखू कमी झाली की चट्टे कमी होतात, इथवर उत्तर मिळाले. परंतु जे लोक तंबाखू सोडणार नाहीत, त्यांचे तोंड वेळोवेळी पाहिले तर मृत्यू टळतात काय, हा प्रश्न शिल्लक होता.

केरळची चाचणी :

हा प्रश्न वरवर पाहता अनावश्यक वाटतो. लवकर शोधले तर लवकर बरे होणार, यात सिद्ध करण्यासारखे काय आहे? परंतु तपासणीच्या बाबतीत ही सहजबुद्धी अनेकदा फसवते. समजा, एखाद्या रुग्णाचा मृत्यू २०१० मध्येच व्हावयाचा आहे. त्याचा रोग २००८ ऐवजी २००५ मध्ये शोधला, तर निदानानंतर तो दोनऐवजी पाच वर्षे जगला असे कागदावर दिसेल. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडलेली नसेल. म्हणून निदानानंतर रुग्ण किती वर्षे जगला हे तपासणीच्या यशाचे माप होऊ शकत नाही. तपासणी झालेल्या व न झालेल्या लोकसमूहांत त्या रोगाने किती माणसे मेली, हेच माप खरे.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत हे माप वापरले गेले. डॉ. आर. शंकरनारायणन व सहकाऱ्यांच्या या कामात तिरुवनंतपुरमचे प्रादेशिक कर्करोग केंद्र व फ्रान्समधील लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सहभागी होत्या. १३ पंचायती यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागण्यात आल्या. सात पंचायतींतील ३५ वर्षे व त्यावरील ९६,५१७ व्यक्तींना दर तीन वर्षांनी मुखतपासणी देऊ करण्यात आली, तर सहा पंचायतींतील ९५,३५६ व्यक्तींना नेहमीची आरोग्यसेवा तेवढी उपलब्ध राहिली. तपासणी करणारे दंतवैद्यक नव्हते. ते वैद्यकेतर विषयांचे पदवीधर असून त्यांना या कामाचे प्रशिक्षण देण्यात आले होते. त्यांची साधने म्हणजे पुरेसा उजेड, डोळे आणि बोटे. असे प्रशिक्षित कार्यकर्ते चट्टे ओळखण्यात डॉक्टरांच्या जवळपास येतात, हे याच केंद्रातील १९९७ च्या अभ्यासात दिसून आले होते. त्यात त्यांची संवेदनशीलता सुमारे ९४ टक्के आढळली.

तीन फेऱ्यांनंतरचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी गटात ७७ आणि नियंत्रण गटात ८७ व्यक्ती मुखकर्करोगाने मृत्यू पावल्या. निरीक्षणाचा एकूण कालावधी लक्षात घेता दोन गटांतील मृत्युदराचे गुणोत्तर ०.७९ आले. म्हणजे तपासणी गटात मृत्युदर २१ टक्क्यांनी कमी होता. परंतु या गुणोत्तराच्या ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.५१ ते १.२२ अशा होत्या. साध्या भाषेत सांगावयाचे तर, उपलब्ध माहिती मृत्युदर निम्म्यावर आल्याच्या कल्पनेशी जितकी सुसंगत होती, तितकीच तो २२ टक्क्यांनी वाढल्याच्या कल्पनेशीही होती. जवळजवळ दोन लाख माणसांच्या अभ्यासातून इतके धूसर उत्तर का यावे? कारण येथे यादृच्छिक निवड माणसांची नसून पंचायतींची झाली होती. एका पंचायतीतील माणसे सवयींनी, व्यवसायांनी, आरोग्यसेवेच्या उपलब्धतेने परस्परांसारखी असतात. त्यामुळे संख्याशास्त्राच्या दृष्टीने तुलना दोन लाखांची न राहता बव्हंशी तेरा घटकांची होते. नमुन्याचा आकार सांगताना केवळ एकूण उत्तरदात्यांची संख्या देऊन समाधान मानणाऱ्या आपल्याकडील अनेक प्रबंधांना ही गोष्ट लागू पडते, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

याच अहवालातील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. केवळ तंबाखू वा मद्य किंवा दोन्ही घेणाऱ्यांचा विचार केला तेव्हा तपासणी गटात ७० व नियंत्रण गटात ८५ मृत्यू आढळले. गुणोत्तर ०.६६ आणि विश्वास-मर्यादा ०.४५ ते ०.९५, म्हणजे मृत्युदरात ३४ टक्के घट. मर्यादांची दोन्ही टोके एकच्या खाली असल्याने ही घट निव्वळ योगायोगाची मानणे कठीण ठरते.

एकूण निष्कर्ष धूसर असताना एखाद्या उपगटाकडे बोट दाखवावे काय, असा आक्षेप येथे घेतला जातो आणि तो तत्त्वतः योग्य आहे. माहितीचे हवे तसे तुकडे पाडत गेले तर कोणता ना कोणता तुकडा मनाजोगते उत्तर देतोच. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१३ मध्ये सर्वसामान्य प्रौढांच्या मुखतपासणीसाठी पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. कॉक्रेन आढाव्यानेही त्याच वर्षी या एकमेव यादृच्छिक चाचणीतील उणिवा दाखवून सर्वसामान्य लोकसंख्येसाठी तिचा आधार पुरेसा मानला नाही. परंतु माझ्या मते केरळमधील उपगट सोयीसाठी मागाहून पाडलेला तुकडा म्हणता येत नाही. एकूण १६४ मृत्यूंपैकी १५५ मृत्यू या सवयी असलेल्यांचेच होते, सवयी नसलेल्यांत केवळ ९. ज्या गटात हा रोग अगदी क्वचित होतो तेथे तपासणीने काही साधेल अशी अपेक्षाच करता येत नाही. प्रश्न ज्यांचा आहे त्यांच्यातच उत्तर शोधणे याला निवडक वाचन म्हणता येणार नाही. अमेरिकेतील सर्वसामान्य प्रौढांसाठी दिलेला निर्णय महाराष्ट्रातील तंबाखू मळणाऱ्या शेतमजुराला जसाच्या तसा लावणे हीच खरी चूक होईल.

पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. तोवर चार फेऱ्या झाल्या होत्या. सर्व व्यक्तींमध्ये मृत्युदर १२ टक्क्यांनी, तर सवयी असलेल्यांत २४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले; यांपैकी सवयी असलेल्यांतील घट संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली, सर्व व्यक्तींमधील घट मात्र या वेळीही टिकली नाही. पूर्वीपेक्षा टक्का उतरलेला दिसतो. परंतु २००६ ते २००९ या काळात नियंत्रण गटालाही एकदा तपासणी देण्यात आली होती. त्यामुळे दोन गटांतील अंतर कमी होणे स्वाभाविक होते. याच अहवालात, चारही फेऱ्यांना हजर राहिलेल्या तंबाखू वा मद्यसेवकांत मृत्युदर ८१ टक्क्यांनी कमी आढळल्याचे म्हटले आहे. भाषणांतून व भित्तिपत्रकांतून हाच आकडा सांगण्याचा मोह होतो. तो मात्र सावधपणे घ्यावयास हवा. बारा वर्षांत चारही वेळा तपासणीस येणारा माणूस मुळात आपल्या प्रकृतीची काळजी घेणारा असतो. तो तपासणीमुळे वाचला की स्वभावामुळे, हे या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही.

खर्चाचा हिशेबही झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००९ मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार सर्वांची तपासणी केल्यास वाचविलेल्या प्रत्येक आयुर्वर्षामागे ८३५ डॉलर, तर केवळ सवयी असलेल्यांची केल्यास १५६ डॉलर खर्च येतो.

मुंबईची चाचणी :

तपासणीत लहान अवस्थेतील कर्करोग सापडला, पुढे काय? जिभेचा वा गालाचा कर्करोग पसरतो तो प्रथम मानेतील लसिकाग्रंथींमध्ये. गाठी हाताला लागत असतील तर त्या काढावयाच्या, यात दुमत नव्हते. परंतु गाठी लागत नसताना मुखातील शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथीही काढाव्यात, की केवळ लक्ष ठेवून गाठ उद्भवल्यास नंतर काढाव्यात, यावर शल्यचिकित्सकांत अनेक दशके वाद होता. दुसऱ्या मार्गाने बऱ्याच रुग्णांची मानेची शस्त्रक्रिया टळते, हा त्याचा आधार. पहिल्यात दडलेला रोग वेळीच निघतो, हा त्याचा दावा.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ मध्ये यासाठी यादृच्छिक चाचणी सुरू झाली. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८०.० टक्के रुग्ण हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ व ४५.९ टक्के होते. शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम ३.६ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर गेले. जगण्याच्या प्रमाणातील साडेबारा टक्क्यांचा फरक लक्षात घेता, दर आठ रुग्णांमागे एक मृत्यू टळतो असा त्याचा अर्थ होतो. हा फरक इतका स्पष्ट होता की नव्या रुग्णांची नोंदणी थांबविण्यात आली. येथे धूसरपणा नाही, उपगट नाहीत. त्यामुळे या चाचणीवर अधिक भाष्य करण्याचे कारण उरत नाही. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, शस्त्रक्रियाही जुनीच. केवळ ती केव्हा करावी याचे उत्तर नवे. मात्र हे उत्तर लहान अवस्थेतील रोगापुरते आहे, म्हणजेच जो वेळेवर रुग्णालयात पोहोचला त्याच्यापुरते.

जो उशिरा पोहोचतो त्याच्यासाठीही याच रुग्णालयातील संशोधकांनी काम केले आहे. मस्तक व मानेच्या पुढारलेल्या कर्करोगात स्वस्त, तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांबरोबर निवोलुमॅब हे महागडे औषध प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, दिले असता एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यांच्या चाचणीत दिसून आले. गरीब रुग्णांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. तथापि त्यांच्या आयुष्याचा मध्यक ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला, हेही त्याच अहवालात आहे. टाटाच्या वरील दोन चाचण्यांतील आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे वेळेचे मोल कळते. एकीकडे दहातील आठजण तीन वर्षांनी हयात, दुसरीकडे निम्मे रुग्ण वर्षही पूर्ण करीत नाहीत.

संशोधन व व्यवहार :

केंद्र शासनाने २०१६ मध्ये तीस वर्षे व त्यावरील लोकसंख्येसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत मुखाची दृश्य तपासणी पाच वर्षांतून एकदा अभिप्रेत आहे. म्हणजे केरळचा धडा धोरणात उतरला. प्रत्यक्षात काय झाले ते २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. ३० ते ४९ वयोगटात मुखतपासणी कधीही झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के आणि पुरुष १.२ टक्के. केरळच्या चाचणीत तपासणी गटातील ९१ टक्के व्यक्तींची निदान एकदा तपासणी झाली होती. चाचणीतील परिणामकारकता व व्यवहारातील परिणामकारकता यांतील अंतर आपण पाठ्यपुस्तकात शिकवितो. ते इतके मोठे असू शकते याची कल्पना मात्र मला हे दोन आकडे एकत्र पाहीपर्यंत नव्हती.

मनुष्यबळाचा अभाव हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. केरळमध्येही तपासणीत संशयास्पद आढळलेल्या ५,१४५ व्यक्तींपैकी ३,२१८ म्हणजे ६३ टक्केच पुढील निदानासाठी गेल्या. सुमारे १,९०० व्यक्ती, घरी येऊन कोणी सांगितल्यावरही, गेल्या नाहीत. आरंभीचा चट्टा दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी रोजंदारी बुडवून तालुक्याला जाणे कोणाला परवडत नाही. दुसरे, आपल्याकडे मिश्रीला व्यसन मानण्याची रीतच नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी आजी रोज सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने भाजलेली तंबाखूच हिरड्यांना चोळत असते. प्रश्नावली तयार करणाऱ्याने ‘मिश्री लावता का?’ असे वेगळे विचारले नाही तर ती बिनसवयीच्या रकान्यात जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २४.४ टक्के, तर धूम्रपान करणाऱ्यांचे ३.८ टक्के आढळले. आपला प्रश्न धुराचा नसून गालात धरलेल्या बाराचा आहे. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत जीभ व तिच्याखालील भागात अधिक आढळणारा हा रोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर गाल व हिरडी यांमधील खोबणीत होतो. तंबाखूची गोळी ठेवण्याची जागाही तीच.

महाविद्यालयीन वयोगट :

वरील सर्व चर्चा तिशी-पस्तिशीनंतरच्या लोकांची झाली. अध्यापकांसमोर बसणारा वर्ग त्याहून लहान आहे आणि त्याच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा व पानमसाल्यावर बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे महाविद्यालयाच्या जिन्यांच्या कोपऱ्यांवरून सांगता येते. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा ही पानटपरीवर समोर घोटून मिळणारी मिश्रणे आहेतच. या सर्वांत समान घटक सुपारी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आपल्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात तंबाखूविना सुपारीही मानवात कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य तंतुपेशींना अधिक कोलॅजेन तयार करण्यास उद्युक्त करते, आणि सुपारीतील तांबे त्या तंतूंची वीण घट्ट करणाऱ्या विकराला चालना देते. परिणामी गाल आतून ताठर होतो, तिखट सोसत नाही, आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते.

या विकारावर खात्रीचा उपाय अद्याप नाही. बेळगाव येथे ५८ रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टोमॅटोतील लायकोपिन या रंगद्रव्याने तोंड उघडण्याच्या मापात सरासरी ३.४ मिलिमीटर, व त्याच्या जोडीला स्टेरॉइडची टोचणी दिल्यास ४.६ मिलिमीटर वाढ आढळली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत वाढ शून्य. हे आशादायक आहे, परंतु तीन-चार मिलिमीटर म्हणजे काय हे पट्टीवर पाहावे. एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रुग्णांच्या सतरा वर्षांच्या पाठपुराव्यात (१९८५) त्यांतील ७.६ टक्क्यांना कर्करोग झाल्याचे आढळले. म्हणजे विशीत तोंड आखडलेल्या विद्यार्थ्याला शासकीय तपासणीत स्थान मिळेपर्यंत त्याच्या रोगाची दहा वर्षे उलटून गेलेली असतील.

या विकाराची ढोबळ चाचणी कोणालाही करता येते. स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधले बोट व अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये घालावयाची. निरोगी तोंडात ती सहसा मावतात. मावत नसतील, किंवा तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरून येत नसेल, तर दंतवैद्यकाला दाखवावे. पूर्ण तपासणीत कवळी काढून ओठांची आतील बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालील जागा व टाळू पाहावयाची आणि शेवटी मान चाचपावयाची असते. याला काही मिनिटे पुरतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका दत्तक गावात झाले. आरोग्य तपासणीच्या दिवशी दीडशेच्या आसपास ग्रामस्थ आले. त्यांचे वजन, रक्तदाब, रक्तगट यांच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या. अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. तोंड उघडून पाहिल्याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता, आणि तक्ता मीच आखला होता.